नववीत नवोदयला चाललेला मुलगा: पेटी, पाणी, मच्छरदाणी आणि पहिला महिना

केळापूर_पालक यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मुलाची नववीच्या लॅटरल एन्ट्रीतून (म्हणजे सहावीऐवजी थेट नववीत प्रवेश) आमच्या जिल्ह्यातल्या नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, निवड झाली आहे. आजवर गावातली जिल्हा परिषदेची शाळा, मराठी माध्यम. घराबाहेर झोपायचं ते फक्त मामाकडे. हजर व्हायला तीन आठवडे आहेत. शाळेच्या यादीत "पेटी १, बादली १, मग १, अंथरूण-पांघरूण" एवढंच लिहिलंय. पेटी केवढी, कपडे किती, काय नेऊ नये, काहीच कळत नाही.

दुसरं म्हणजे मोबाइल चालत नाही, मग बोलायचं कसं आणि किती? तिसरं, त्याचा सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) रिपोर्ट एएस आला होता. हे शाळेला सांगायचं की नाही? सांगितलं तर खेळातून काढतील अशी त्याला भीती आहे. घरी तो स्वतःचा रुमालही धूत नाही, हेही खरं. ज्यांनी वसतिगृहं जवळून पाहिली आहेत त्यांनी सांगावं.

निवृत्त_हाउसमास्टर:

अभिनंदन. आधी पेटीचं बघू, कारण ती एकदा चुकली की चार वर्षं चुकते.

पत्र्याचीच पेटी घ्या. चाकाची बॅग डॉर्मिटरीत टिकत नाही. चेन तुटते, कापडाला ओल धरते आणि उंदीर दोन रात्रींत कोपरा कुरतडतो. ३० इंच लांब, १८ इंच रुंद, १२ इंच उंच हे माप बहुतेक लोखंडी खाटांखाली बसतं. तरी घेण्याआधी शाळेत फोन करून खाटेखाली किती जागा आहे ते विचारा, कारण काही ठिकाणी दुमजली खाटा असतात आणि खालची पट्टी बरीच खाली येते. पत्रा २२ गेजचा मागा. २४ गेजचा पातळ असतो म्हणून स्वस्त पडतो, पण झाकणावर मुलं बसतात आणि ते वाकतं. एकदा वाकलं की कडी कोयंड्याला लागत नाही, मग पेटी उघडीच राहते. कडी-कोयंडा रिबिटने ठोकलेला हवा, स्क्रूचा नको. स्क्रू नाण्यानेसुद्धा काढता येतो.

कुलूप ४० मिलिमीटरचं, पितळी, किल्लीचं. आकड्यांचं कुलूप घेऊ नका, आठ दिवसांत सगळ्या खोलीला आकडा पाठ होतो. तीन किल्ल्या करून घ्या. एक मुलाच्या करदोट्याला, एक पाकिटात घालून वर नाव लिहून हाउसमास्टरांकडे, एक घरी. किल्ली खिशात ठेवली की ती धुण्याबरोबर जाते.

नाव ऑइल पेंटने लिहा. झाकणाच्या आतून पूर्ण नाव आणि गाव, बाहेर फक्त हाउस (मुलांचा राहण्याचा गट) आणि क्रमांक. नवोदयमध्ये अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी चार हाउस असतात. ते तिथे गेल्यावर ठरतं, म्हणून बाहेरच्या बाजूला जागा कोरी सोडा. पेटी जमिनीला टेकवायची नाही, खाली दोन विटा. पावसाळ्यात फरशी घामेजते आणि तळाला गंज चढून कपड्यांवर तांबडे डाग पडतात. ते डाग साबणाने जात नाहीत.

आता कपडे. गणवेश, पाठ्यपुस्तकं, राहणं आणि जेवण शाळेकडून मिळतं. साबण, पेस्ट, तेलही मिळतं, पण पहिलं वाटप कधी होईल ते सांगता येत नाही, म्हणून महिनाभर पुरेल एवढं सोबत द्या. घरचे कपडे तीनच जोड पुरे. जास्त लागतात ते आतले कपडे आणि मोजे. प्रत्येकी सहा-सहा द्या, कारण जुलै-ऑगस्टमध्ये दोन-दोन दिवस काही वाळत नाही. जाड टॉवेलऐवजी दोन पंचे. जाड टॉवेल पावसाळ्यात ओला राहतो, त्याला वास मारतो आणि नायट्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. प्रत्येक कपड्यावर आतून दोऱ्याने खूण शिवा. बॉलपेनने लिहिलेलं चार धुण्यांत उडतं.

धुणं हा खरा विषय आहे. पहिल्या महिन्यात मुलं रडतात त्यामागे बऱ्याचदा घरची आठवण कमी आणि साठलेले मळके कपडे जास्त असतात. हातात तीन आठवडे आहेत, तर आजपासून त्याचे कपडे त्यालाच धुवायला लावा, आणि नळाखाली नको, बादलीत. अर्धी बादली पाण्याला दीड-दोन चमचे पावडर पुरते. मुलं मूठभर टाकतात. फेस धुऊन जातच नाही, पाणी संपतं, पावडर कपड्यात राहते आणि अंग खाजतं. भिजवायचं वीस-तीस मिनिटं. रात्रभर भिजवलेले कपडे पावसाळ्यात आंबतात. कॉलर आणि बाही आधी वडीने घासायची, मग बाकीचं. दोन पाण्यांतून काढायचं, उलटं करून वाळत घालायचं. पाच मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे द्या. चिमटे नसतील तर वाऱ्याने शर्ट खाली चिखलात पडतो आणि मुलगा तो तसाच दुसऱ्या दिवशी घालतो.

आतले कपडे आणि मोजे रोज अंघोळीच्या वेळीच धुवून टाकायचे. ही एकच सवय लागली तरी रविवारचं ओझं निम्मं होतं.

एक गोष्ट अकोला, अमरावती, बुलडाण्याकडच्या वाचकांसाठी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी असेल तर साध्या साबणाचा फेस होत नाही, पाण्यातल्या क्षारांशी त्याचा पांढरा साका बनतो आणि तो कपड्यावर बसतो. तिथे वडीपेक्षा डिटर्जंट पावडर चालते. केसांनाही साबण लावू नये, चिकट होतात.

फोनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिले पंधरा दिवस आठवड्याला एकच फोन, शाळा ठरवून देईल त्या वेळी, पाच मिनिटांचा. "आठवण येते का?" हे विचारायचंच नाही. "आज भाजी कोणती होती, खाटेशेजारी कोण आहे, धुणं वाळलं का?" असं विचारा. उत्तरं द्यायला काहीतरी असलं की मूल बोलतं. आणि "नाही जमलं तर घेऊन येतो" हे वाक्य चुकूनही बोलू नका. ते ऐकल्यावर मुलगा जमवून घ्यायचं थांबवतो आणि तारीख मोजायला लागतो.

माजी_शिवालिक:

सरांचं फोनचं म्हणणं अर्धं पटते, अर्धं नाही. ते मंग सांगतो.

आधी अंघोळीचं. उठाची घंटा साधारण पाच-साडेपाचले होते, मंग पीटी. घंटा झाल्यावर जो उठते त्याले बाथरूमसमोर लाइन भेटते, आन् लाइनीत उभा रायला त पीटीले उशीर. म्हणून घंटेच्या वीस मिन्टं आधी उठाची सवय घरूनच लावा. गजराचं साधं घड्याळ द्या, सेलचं, आवाज कमी असलेलं. मोठ्या आवाजाचं असलं त बाजूचे पोट्टे पह्यल्याच दिवशी नाराज होतात. अंघोळ सकाळीच झाली पाह्यजे असं काही नाही. दुपारी जेवणानंतर नळ मोकळे असतात, खेळून आल्यावर परत गर्दी. पाण्याची टाकी कवा भरते, हे पह्यल्या दोन दिवसांत हेरून ठेवाचं.

बादली सोळा-अठरा लिटरची, जाड प्लॅस्टिकची, कडी लोखंडी. पाण्याचा मग बादलीच्या कडीले दोरीनं बांधून टाकाचा. मग सुटा ठेवला त आठवडाभरात जाते. चोरी नसते ती, कोणी बी उचलते अन् कुठं बी ठेवते. चपला बी तशाच. दोन जोड द्या, साध्या रंगाच्या, आन् तळव्याले तापल्या खिळ्यानं खूण करा.

खाण्याचं. मेसचं जेवण पोटभर असते, पण ते शंभर-दोनशे नाही त चार-पाचशे लेकरांसाठी शिजते. तिखट कमी, तेल कमी, वरण पातळ. आपल्याकडच्या पोराले पह्यले दोन आठवडे चव लागत नाही. त्याच्यावर उपाय म्हणजे जवसाची नाही त कराळाची कोरडी चटणी, पाव किलो, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. जवस भाजून कुटलं की महिन्याभरात त्याले खवट वास येते, म्हणून एकदम किलोभर देऊ नका. काचेची बरणी नको. लोणचं देऊ नका, तेल पेटीत सांडलं की गणवेश गेला. गोड पदार्थ पेटीत ठेवले की मुंग्या, मुंग्यांमागं झुरळं, अन् झुरळांमागं हाउसमास्टर. चिवडा-शंकरपाळे द्याचे त एवढेच द्या की पह्यल्या दिवशी खोलीत वाटून संपले पाह्यजे. हे लै कामाचं हाय. नवीन पोरगा डबा उघडून आधी सगळ्याइले देते का एकटा खाते, ह्याच्यावर त्याचे पुढचे सहा मह्यने ठरतात.

स्टीलचं ताट, वाटी, पेला, चमचा, चारीवर नाव कोरून घ्या. भांडेवाल्याकडं मशीन असते, दहा मिन्टाचं काम.

पैसे जास्त देऊ नका. मह्यन्याले दोन-तीनशे, तेही हाउसमास्टरकडं जमा, लागतील तसे घ्याचे. ज्याच्याजवळ पाचशेची नोट हाय असं समजलं त्याच्याकडं उधारी मागणारे रोज येतात, अन् नाही म्हणणं नवीन पोराले जमत नाही.

आता दोस्तीचं. हे कोणी सांगत नाही. नववीत येणारा पोरगा अडचणीत काऊन येते? कारण बाकीचा वर्ग सहावीपासून एकत्र असते. तीन वर्षांची दोस्ती, टोपणनावं, भांडणं, सगळं ठरलेलं. त्याच्यात बाहेरून दोन-चार जण येतात. पण नववीतच मायग्रेशन असते. नवोदयच्या धोरणानं नववीतले तीसेक टक्के पोरं वर्षभरासाठी हिंदी राज्यातल्या नवोदयले जातात, तिकडले इकडं येतात. ते हिंदीवाले बी नवीनच असतात, त्याइले बी कोणी दोस्त नसते. तुमच्या पोराले सांगा, पह्यले त्याच्यातला एक पाह्य. त्याले हिंदी शिकाले भेटते, त्या पोराले मराठी. दोघंही वर्षभर एकटे राहत नाहीत.

अन् नववी म्हणजे सीनियरमधले सर्वात ल्हाने. दहावी-बारावीचे पोरं पाणी आणाले लावतील, गादी झटकाले लावतील. एखादं काम हसून करून टाकाचं, रोजचं होऊ द्याचं नाही. मारझोड, पैसे मागणं, रात्री उठवणं हे मात्र गंमत नव्हे, ते त्याच दिवशी हाउसमास्टरले सांगाचं.

फोनचं असं हाय सर, आठवड्याले एक ठीक. पण पोस्टकार्ड द्या ना. पन्नास पैशाले एक भेटते. वीस कार्डं घरचा पत्ता लिहूनच पेटीत टाका. फोनवर जे बोलता येत नाही, कारण मागं लाइन उभी असते, ते कार्डावर येते.

आरोग्यसेविका_गोंदिया:

केळापूर_पालक दादा, सिकलसेलचं आधी सांगते, कारण तुमची भीती वेगळ्याच ठिकाणी आहे.

एएस म्हणजे वाहक. तो आजारी नाही, त्याला रोजचं औषध लागत नाही, खेळातून काढायचं काही कारण नाही. खूप उन्हात, पाणी न पिता, दमेपर्यंत पळवणं टाळायचं एवढंच, आणि विदर्भाच्या उन्हात ते सगळ्याच मुलांना लागू आहे. एसएस म्हणजे आजार. तिथे मात्र थंडी, कमी पाणी आणि अतिश्रम यांनी सांधे, पाठ, पोट दुखण्याचा झटका येतो. रोजची फॉलिक ॲसिडची गोळी, आणि डॉक्टरांनी दिली असेल तर हायड्रॉक्सियुरिया, यात खंड पडू द्यायचा नाही. एसएस असलेल्या मुलाला ताप आला तर उद्यापर्यंत थांबायचं नाही. आपल्या भागात हा आजार भरपूर आहे आणि शाळांना त्याची माहिती असते. दोन्ही प्रकारांत रिपोर्टची प्रत प्रवेशाच्या फाइलला आणि एक शाळेच्या नर्सकडे द्या, पीटीच्या सरांना तोंडी सांगा. लपवलं तर मुलगा दुखणं "सहन" करतो, आणि आम्हाला तो उशिरा दिसतो.

औषधांवर हाउसमास्टर सर काही बोलले नाहीत. पालक पेटीत औषधांचा डबाच देतात, तो देऊ नका. पोरं एकमेकांना गोळ्या वाटतात. ओआरएसची चार पाकिटं, पट्टी, खोबरेल तेल, बस. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, आणि चोवीस तासांत संपवायचं. ताप आला तर नर्सकडे. पावसाळ्यातल्या तापाला गोळी देऊन दाबू नये, रक्त तपासावं लागतं. गडचिरोलीकडे मलेरिया भरपूर, आणि गोंदिया-चंद्रपूरचा जंगलाचा पट्टाही त्यातून सुटलेला नाही. डेंग्यूची शंका असेल तर पॅरासिटामॉलच. ब्रुफेन, ॲस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो.

मच्छरदाणी शाळा देत असली तरी स्वतःची न्या. एका खाटेची, म्हणजे साधारण सहा फूट बाय तीन फूट. पाच-पाच फुटांच्या चार नाड्या वेगळ्या द्या, कारण खाटेला दांडे नसतात आणि खिडकीपासून बांधावी लागते. अंधार पडायच्या आधी बांधायची आणि चारही बाजू गादीखाली खोचायच्या. नुसती लोंबती मच्छरदाणी म्हणजे आत अडकलेल्या डासांची सोय. औषध लावलेली असेल तर वारंवार धुवू नका, धुतली तर सावलीत वाळवा, उन्हाने औषध उडतं. डेंग्यूचा डास मात्र दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. उन्हाळा संपल्यावर कूलरमध्ये राहिलेलं पाणी ही त्याची आवडती जागा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, टाकीची आतली बाजू घासावी लागते, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

खोचलेल्या मच्छरदाणीचा दुसरा फायदा मोठा आहे. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावल्याचं दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. उकडतं म्हणून मुलं गादी फरशीवर ओढतात, ते अजिबात नको. रात्री लघवीला जाताना बॅटरी. सकाळी बूट उलटे करून आपटायचे, त्यात विंचू असतो. साप चावल्याची नुसती शंका आली तरी १०८ला फोन आणि थेट ग्रामीण रुग्णालय. दोरी आवळणं, चिरा देणं, मांत्रिक, सगळं वेळ घालवणं आहे. हात-पाय हलवू न देता न्यायचं.

आता खरूज. प्रत्येक वसतिगृहात येते. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला, मांड्यांत बारीक पुटकुळ्या आणि रात्री वाढणारी खाज. पर्मेथ्रिन पाच टक्के क्रीम मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली, बेंबीतसुद्धा लावायचं, आठ ते चौदा तास ठेवून धुवायचं, आठवड्याने पुन्हा. जिथे खाजतं तिथेच लावलं तर ती जात नाही. आणि एकट्याने लावूनही जात नाही. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, त्याच दिवशी चादरी-कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाकायचे. ज्या वस्तू धुता येत नाहीत त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन-चार दिवस बांधून ठेवल्या की किडा मरतो. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, त्याचा अर्थ औषध लागू पडलं नाही असा नाही. मुलं तेव्हा रोज क्रीम चोळतात आणि कातडी सोलून घेतात.

नायट्याला दुकानातून तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब आणू नका. त्यात स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट पसरतो.

धामणगावची_आई:

मुलींचं कोणी लिहिलं नाही म्हणून मधेच विचारते. माझी मुलगी सरकारी निवासी शाळेत आठवीतून नववीत जातेय, पण आता नव्या वसतिगृहात. वेगळं काय द्यावं?

अधीक्षिका_मुलींचं_वसतिगृह:

ताई, वरचं सगळं लागूच आहे. वेगळं थोडकंच.

पॅडची दोन पाकिटं नेहमी शिल्लक, आणि पेटीत वरच्या बाजूला. एक गडद रंगाची चादर. जुने वर्तमानपत्र पाव किलो, गुंडाळायला. पॅड संडासात टाकलं की चोकअप होतं आणि दुरुस्तीला चार दिवस माणूस येत नाही, तोवर पूर्ण मजल्याला एकच संडास. पहिल्याच दिवशी कचऱ्याची पेटी कुठे आहे ते विचारून ठेवायचं. गैरसोय वाटते म्हणून मुली पाणी कमी पितात आणि लघवीच्या जागी जळजळ सुरू होते. हे मी "पाणी पीत जा" म्हणण्याने सुटत नाही, रात्री सोबत जायला एक मैत्रीण ठरवून दिली की सुटतं.

आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती जेवणानंतर घ्यायची. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि मग मुली ती खिडकीतून टाकतात. शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही.

उवा. लांब केस असतील तर दोन वेण्या, झोपताना बांधलेल्या. बारीक फणी स्वतःची, कोणाला द्यायची नाही. पर्मेथ्रिन एक टक्का लोशन दहा मिनिटं ठेवून धुवायचं, आठवड्याने परत, कारण लिखा पहिल्या खेपेला मरत नाहीत. केस कापून टाका असा सल्ला वरचेवर मिळतो, त्याची गरज नसते.

आणि भेटीच्या रविवारी कोण येणार त्याची नावं, फोटो, नातं हे सगळं प्रवेशाच्या दिवशीच रजिस्टरला लिहून द्या. नंतर काका आला आणि गेटवरून परत गेला की राग आमच्यावर निघतो. नियम मुलींच्या सुरक्षेसाठी आहे, तो आम्ही मोडणार नाही.

गणिताचे_सर_वणी:

अभ्यासाचं थोडक्यात. नवोदयला सीबीएसई. आठवीनंतर गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्र बहुधा हिंदीत. मराठी माध्यमाच्या मुलाला पहिल्या चाचणीत कमी गुण पडतात आणि तो समजतो की आपल्याला गणित येत नाही. येत असतं, प्रश्न कळलेला नसतो. एनसीईआरटीची आठवीची आणि नववीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत. तीन आठवड्यांत सगळं पुस्तक वाचायला लावू नका. आठवीचं गणित उघडा, जे प्रकरण त्याला मराठीत पक्कं येतं तेच इंग्रजीत सोडवू द्या. उत्तर माहीत असलं की भाषेकडे लक्ष जातं.

दुसरं, प्रश्नाची क्रियापदं. डिफाइन म्हटलं की एका वाक्यात व्याख्या, स्टेट म्हटलं की नियम जसाच्या तसा, एक्स्प्लेन म्हटलं की कारणासह, जस्टिफाय म्हटलं की बाजू घेऊन पुरावा, डिराइव्ह म्हटलं की सूत्र पायरीपायरीने काढणं. अशी दहा-बारा क्रियापदं वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. मार्कांचा बराच गोंधळ तिथे मिटतो. हिंदीत बोलायची लाज घरीच मोडा, रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायला लावा.

रात्रीच्या अभ्यासाला शाळेत ठरलेली वेळ असते. दिवे गेल्यावर पांघरुणात बॅटरी लावून वाचणारा मुलगा हुशार दिसतो, पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला झोपतो.

केळापूर_पालक:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पेटीवाल्याकडे गेलो, त्याच्याकडे २४ गेजच होतं, २२चं चार दिवसांत बनवून देतो म्हणाला. धुणं कालपासून सुरू केलंय, मूठभर पावडर त्यानेही टाकलीच. दोन शंका. विकास निधी म्हणून महिन्याला ६०० रुपये भरायचे असं कोणी सांगतं, कोणी म्हणतं सगळं फुकट. आणि पोरगा रडला, परत यायचं म्हणाला, तर खरंच काही बिघडलंय की नुसतीच आठवण, हे फोनवर कसं ओळखायचं?

निवृत्त_हाउसमास्टर:

विद्यालय विकास निधी नववी ते बारावीच्या मुलांकडून महिन्याला ६०० रुपये घेतात. मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातली मुलं यांना तो माफ आहे. आई-वडील सरकारी नोकरीत असतील तर दर वेगळा. तुम्ही माफीत बसत असाल तर दाखला प्रवेशाच्या फाइलमध्येच लावा, मागाहून लावताना चकरा होतात. टीसी, आधार, जातीचा दाखला, फोटो यांच्या तीन-चार झेरॉक्स प्रती पेटीत वेगळ्या ठेवा. हिवाळ्यात एखाद्या फॉर्मला एक प्रत लागते आणि झेरॉक्सचं दुकान दहा किलोमीटरवर असतं.

दुसऱ्या प्रश्नाचं. नुसती आठवण असते ती संध्याकाळी येते, खेळ संपल्यावर आणि अभ्यास सुरू होण्याआधी. त्या वेळी रडणारा मुलगा रात्री जेवतो, सकाळी खेळतो. ती दोन-तीन आठवड्यांत उतरते, मात्र दिवाळीहून परत आल्यावर चार दिवस पुन्हा चढते, त्याची तयारी ठेवा. काळजीची लक्षणं वेगळी असतात. सलग दोन-तीन दिवस जेवण टाकणं, झोप न लागणं, मोठ्या मुलाचं अंथरुणात लघवी होऊ लागणं, वस्तू आणि पैसे सारखे "हरवणं", अंगावर वळ, आणि ठरावीक एका मुलाचं किंवा जागेचं नाव निघालं की गप्प होणं. यातलं काही दिसलं तर फोनवर उलटतपासणी करू नका, कारण मागे कोण उभं आहे ते तुम्हाला दिसत नाही. हाउसमास्टरांना कळवून स्वतः या आणि मुलाला शाळेच्या आवारातच, पण बाजूला बसवून विचारा. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, तक्रार प्राचार्यांकडे लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास असतो, तो त्याला पाठ करून द्या.

आताच घोंगडी आणि स्वेटर देऊन पेटी भरू नका. जुलैत त्यांना ओल धरते. दिवाळीच्या सुट्टीहून परतताना द्या. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो आणि पहाटेची पीटी चुकत नाही, तेव्हा आत घालायला एक पूर्ण बाह्यांचा बनियन आणि कानटोपी. परतायचं ते सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या आत. रात्री आठला पोचलेल्या मुलाची खाट धुळीने भरलेली असते, मेस बंद झालेली असते आणि सकाळच्या पीटीला धुतलेले मोजे नसतात.

माजी_शिवालिक:

२२ गेजची पेटी आल्यावर झाकणाच्या आतल्या कडा हातानं चाचपून पाहा. धार असली त पॉलिश पेपरनं घासून घ्या, नाही त पह्यल्याच आठवड्यात बोट कापते.